रद्दीचे सात गठ्ठे

४ फेब्रुवारी

ती. काकांस,

नमस्कार. साष्टांग घालता येत नाही, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

तुमचं पत्र मिळालं. "घडले ते वाईट घडले" असं तुम्ही चार पानांत तीनदा लिहिलंय. कोणी घडवलं, ते मात्र एकदाही नाही. मी जिन्यावरून घसरून पडले असं दादा शेजारपाजारी सांगतोय, हेही कानावर आलं. काका, आपलं घर बैठं आहे. खोटं बोलायचं ठरलंच होतं तर निदान आधी एक जिना तरी बांधून घ्यायचा.

तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता, म्हणून सांगते. दादाला माझी शिवणाची खोली ऑफिससाठी हवी होती. कसलं ऑफिस, ते त्याचं त्यालाही अजून ठरवायचंय. मी नाही म्हटलं. त्यानं गिऱ्हाइकांचे कपडे उचलून अंगणात टाकायला सुरुवात केली, मी दारात आडवी उभी राहिले. मग त्यानं माझं डावं मनगट धरलं आणि कटिंगच्या टेबलाच्या कडेवर दाबलं, आवाज येईपर्यंत. आवाज आल्यावरही थोडा वेळ दाबूनच होता.

तुमची लाडकी सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वहिनींनी काय केलं असेल? आत जाऊन गॅस बारीक केला. नणंदेचं हाड मोडलं तर मोडू दे, भाजी करपता कामा नये. मी त्यांच्याच अंगावरून मागच्या दारानं बाहेर पडले, घरातल्या चपलांवर. त्या दाराला कायम कडी असते, त्या दिवशी नशिबानं नव्हती.

मला घरी परत यायचं नाही, इथे बायकांच्या वसतिगृहात मी बरी आहे. माझ्या वस्तू हव्यात. त्या कशा मिळतील तेवढं कळवा. बाकीचा उपदेश पुढच्या पिढीसाठी जपून ठेवा.

धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ शाबूत आहे हे पाहून आनंद झाला. उजवा हात वाचला, हे तर मोठेच भाग्य. लहानपणी तू डाव्या हाताने लिहायचीस, तेव्हा पट्टीचे फटके देऊन मीच ती खोड मोडली होती. त्याचे चीज आज झाले. त्या वेळी मी हळवेपणा केला असता तर आज तुला हे पत्रही लिहिता आले नसते.

मुख्याध्यापक म्हणून मी अनेक भांडणे मिटवली आहेत. एका हाताने टाळी वाजली असे एकदाही पाहिले नाही. दादालाही वाईट वाटते. परवा त्याने अर्धी पोळी पानात ठेवली. तू रविवारी दुपारी एकटी ये. त्याच्याशी दोन शब्द गोड बोल, चहा घे आणि काय हवे ते घेऊन जा. घरातली गोष्ट घरात राहील. पोलीस वगैरे दारात आणून मला या वयात मान खाली घालायला लावू नकोस.

तुझी पत्रे मी कोणालाही वाचून दाखवत नाही, निश्चिंत राहा. जिन्याचे ते वाक्य मात्र दादाला फार लागले.

तुझा,
काका


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सोबत काकांचं पत्र पाठवतेय. चष्मा लाव आणि शेवटच्या दोन ओळी वाच. वाचून दाखवत नाहीत म्हणे!

आणि उजवा हात वाचला म्हणून आनंदोत्सव! काकांच्या पट्टीनं माझी फक्त लेखणी उजवीकडे गेली. कात्री कधीच गेली नाही. अकरा वर्षं मी डाव्या हातानं कापड कापतेय आणि या माणसाला पत्ता नाही. दादाला मात्र पक्कं ठाऊक होतं, कोणता हात धरायचा.

आता खरं सांगते. मशीन, कपाट, आरसा, काही मिळालं नाही तरी माझं अडत नाही. मला दोनच गोष्टी हव्यात. एक, माझ्या मास्टरांनी दिलेली डाव्या हाताची कात्री. तशी बाजारात मिळत नाही. आणि दुसरी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तपकिरी कागदाचे नमुने. दोनशेच्या वर माणसं आहेत त्यांत. कोणाचा एक खांदा उतरता, कोणाची पाठ पुढे आलेली, कोणाला आपलं पोट कपड्यात दिसायला नको असतं. ती सगळी लबाडी मी त्या कागदांत कापून ठेवलीय. ते हाती आले तर प्लास्टर निघाल्यावर आठ दिवसांत कुठेही दुकान थाटीन. नाहीतर पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली काज-बटणं करत बसायचं.

आमच्या हवालदारबाई (त्यांचा गणवेश मीच शिवते) सोबत यायला तयार आहेत. पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय, दोन्हीकडून कबूल झालेली यादी असेल तेवढंच सामान त्यांच्यासमोर बाहेर येईल. ज्यावर वाद, ते कोर्टात. म्हणजे दादाला त्या कागदांचं मोल कळलं की एकतर वाद, नाहीतर काडी.

तो आणि काका त्याला रद्दीच म्हणतात. त्या घरात मोल ठाऊक असलेलं माणूस एकच, वहिनी. त्यांचं अक्षर सुरेख म्हणून प्रत्येक नमुन्यावर नाव त्याच घालायच्या. लग्न झाल्यापासून ती बाई मूग गिळून बसलीय. आता नेमकं माझं वाटोळं करायला तोंड उघडेल, बघ.

तुझी डावरी


१५ फेब्रुवारी

डावरे,

बत्तीस वर्षं वॉर्डात नोकरी केली. जिन्यावरून पडलेल्या बायका इतक्या पाहिल्या, की निम्म्या शहरात जिने नसतीलच अशी माझी खात्री झालीय.

आता नीट ऐक. एकटी जायचं नाही. दुपारी जायचं नाही, सकाळी जा, रस्त्यावर माणसं असताना. फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. चहा, पाणी, सही, रडणं, कशासाठीही नाही. रडणं तर मुळीच नाही, काकांना ते छान जमतं. सामान त्यांनी बाहेर आणायचं, तू टेम्पोपाशी उभं राहायचं. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर सह्या. ज्या वस्तूसाठी आत जावं लागेल ती वस्तू गेली असं समज.

आणि यादी लिहिताना तुझा दादा कोण आहे ते आठव. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायचात, तेव्हा तू लाल चेंडू मागितलास की तो लाल चेंडू दडवायचा. त्याला कुठे खेळायचं असायचं? तुझं पडलेलं तोंड बघायचं असायचं. एकदा तू चुकून म्हणालीस, मला निळाच आवडतो. झालं, लाल चेंडू तुझ्या अंगावर फेकून निळा घेऊन पळाला.

हाड जुळेपर्यंत वजन उचलू नकोस.

मावशी


१८ फेब्रुवारी

ती. काकांस,

नमस्कार.

तुमची मान ताठ राहावी म्हणून मी घरात पाऊलच टाकणार नाही. तुम्ही म्हणाल त्या रविवारी सकाळी अकरा वाजता फाटकाशी येईन. सोबत हवालदारबाई असतील. चहा माझ्या वाट्याचा दादाला द्या, पोळीचं राहिलेलं भरून निघेल.

मला हव्या त्या वस्तू अशा. सगळ्यात आधी बाबांचं लाकडी कपाट. ते माझा जीव की प्राण आहे, ते सोडून बाकी काही मिळालं तरी मला झोप लागणार नाही. मग तीन पाखांचा आरसा. तोही माझाच, त्याच्यावाचून माझं दुकान चालणार नाही. त्यानंतर शिलाई मशीन, इस्त्री, कपड्यांची ट्रंक, माझे शाळेचे दाखले.

भिंतीवरचे जुने कागद राहू द्यात. ते ओझं मी कुठे नेऊ? दादाला ऑफिस लावायचंच आहे, तेव्हा खिळे उपटून, कागद झाडून तो खोली साफ करेलच. घरकामाची आवड आहे त्याला. जुनी कात्रीही राहू दे.

कपाटाबद्दल मात्र मी ऐकणार नाही, सांगून ठेवते.

धाकटी


२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझे पत्र मी एकट्यानेच वाचले. त्यावर दादाचे म्हणणे पुढीलप्रमाणे.

कपाट मिळणार नाही. वडिलांची आठवण थोरल्याकडे राहते. आरसाही मिळणार नाही, तो भिंतीत पक्का केलेला आहे. मशीन, इस्त्री, ट्रंक आणि दाखले ने. मी मध्यस्थ या नात्याने दोन्ही बाजूंचा विचार करून हा तोडगा काढला आहे.

कागदांचे वाचून मात्र दादाचे डोके फिरले. "तिचा उकिरडा मी का उपसू? मी काय तिचा झाडूवाला आहे?" असे म्हणाला. सूनबाई कधी चकार शब्द काढत नाही, तीही मध्ये बोलली. त्या कागदांना वाळवी लागली आहे म्हणे. घरात ठेवले तर कपाटाच्या लाकडाला लागेल, तेव्हा एक तुकडाही मागे ठेवू नये. ती सगळे गठ्ठे बांधून ठेवणार आहे. ते तू नेलेच पाहिजेत, ही दादाची अट आहे. ती मान्य नसेल तर मशीनही विसर.

कात्रीसुद्धा ने. दादाने जुन्या चादरीवर स्वतः चालवून पाहिली. कापत नाही, नुसते कापड चावते. धाकटे, कारागिराने आपले हत्यार इतके बोथट होऊ द्यावे का? मला खेद झाला.

९ मार्च, सकाळी अकरा.

काका


२८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हसावं की रडावं कळत नाही. दादानं डाव्या हाताची कात्री उजव्या हातात धरली! ती चावणारच. दोन पाती एकमेकींपासून दूर जातात, मध्ये कापड दुमडतं. मास्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही कोणी उसनी नेणार नाही, नेली तर संध्याकाळच्या आत परत आणून देईल. आणि काकांना खेद झाला!

पण वाळवीचं काय म्हणायचं? महिन्याभरात अकरा वर्षांचे कागद वाळवीच्या स्वाधीन केले त्या बाईनं. स्वतःच्या हातानं नावं घातलेले कागद. रोज एकदा झटकले असते तर काय बोटं झिजली असती? आणि वर सांगायला पुढे! बोलली बोलली, आणि काय बोलली, तर कपाटाची काळजी.

डावरी


४ मार्च

डावरे,

भिंतीवर टांगलेल्या कागदाला, जानेवारीपर्यंत रोज हाताळलेल्या, महिन्याभरात वाळवी? माझ्या घरी दोनदा लागलीय, मला शिकवू नकोस. तुझी वहिनी खोटं बोलली. जन्मात न बोलणारी बाई पहिल्यांदा बोलते आणि खोटं बोलते, तर ते कोणाच्या कामी आलं तेवढं जरा बघ.

फाटकाच्या बाहेर. लक्षात आहे ना?

मावशी


९ मार्च

मावशी, झालं!

अकराला पाच कमी असताना आम्ही फाटकाशी. टेम्पोवाला, हवालदारबाई आणि मी. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर यादी, हातात लाल पेन. प्रार्थनेला उशीर झालेल्या पोरांकडे बघावं तसे आमच्याकडे बघत होते. हवालदारबाईंना म्हणाले, "आपल्याला उगाच तसदी." बाई म्हणाल्या, "तसदी कसली, नोकरीच आहे."

मशीन आली, इस्त्री आली, ट्रंक आली. दादा एकेक वस्तू आणून अशी आपटत होता, जणू मी त्याच्या घरी भाड्यानं राहून भाडं बुडवलंय. मग दारात थांबला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आत ये गं जरा. दाखले कुठे ठेवलेत ते तुझं तुलाच सापडतील."

तोच आवाज, मावशी. खोली रिकामी कर म्हणाला होता तेव्हाही असाच मऊ होता. माझा प्लास्टरमधला हात आपोआप छातीशी आला. पाय मात्र हलला नाही. हवालदारबाई म्हणाल्या, "सापडतील तेव्हा आणा. आम्ही उभ्या आहोत." दोन मिनिटांत सापडले.

शेवटी रद्दी. सात गठ्ठे, कापडाच्या किनारीच्या पट्ट्यांनी बांधलेले. वहिनी आतून दारापर्यंत सरकवत होत्या आणि दादा खांद्यावर टाकून टेम्पोत नेत होता. सातच्या सात त्यानं स्वतः वाहिले! टेम्पोवाला मदतीला पुढे झाला तर त्याला म्हणाला, "राहू दे, हिचा उकिरडा माझ्या हातानंच घालवतो." वर कात्री फेकली. काकांनी यादीत लिहिलं, "रद्दी, गठ्ठे सात. बोथट कात्री, एक." दोन्ही प्रतींवर सही ठोकली, खाली तारीख. कपाट नाही म्हणून मी तोंड पाडून दाखवलं. दादाला काय समाधान झालं म्हणून सांगू! तेवढं तरी त्याला द्यायलाच हवं होतं.

वहिनींनी तोंडही दाखवलं नाही. नुसते दोन हात दिसले, बांगड्या वर सारलेले. तू म्हणतेस विचार कर. मावशी, त्या बाईत विचार करण्यासारखं काही असतं तर सोळा वर्षांत दिसलं असतं.

गठ्ठे अजून उघडले नाहीत. गाठी पक्क्या आहेत, एका हातानं सुटत नाहीत. शुक्रवारी प्लास्टर निघेल तेव्हा बघेन वाळवीनं काय ठेवलंय ते.

डावरी


१९ मार्च

धाकटे,

आशीर्वाद वगैरे नंतर. सूनबाई काल सकाळपासून बेपत्ता आहे.

मंगळवारी बाजारात जाते म्हणून निघाली. अंगावरचे कपडे आणि हातात भाजीची पिशवी, एवढेच. संध्याकाळी दादाने कागदपत्रांचा डबा उघडला तर तिचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, कंपाउंडरच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, काहीच नाही. दादा शपथेवर सांगतो की महिनाभर त्याच्या नजरेआड घरातून चिठोरेही बाहेर गेलेले नाही. दाराची किल्ली त्याच्याच खिशात असते.

तुझे ऐकूनच तिला ही दुर्बुद्धी झाली असावी. दादा तिला क्वचित काही बोलला असेल, त्याने हात उगारला असेल, पण कोणत्या घरात भांड्याला भांडे लागत नाही? तुला तिचा ठावठिकाणा माहीत असेल तर ताबडतोब कळव. दादा तुझ्याकडे यायला निघाला होता, मी मोठ्या मुश्किलीने थांबवले आहे.

काका


२० मार्च

मावशी,

हे पत्र टपालानं येत नाहीये. आणून देणाऱ्या बाईला आधी पाणी दे, मग वाच. तिला काही विचारू नकोस, आपणहून सांगेल. सावकाश बोलते, सवय नाही.

शुक्रवारी प्लास्टर निघालं. गठ्ठे उघडले. वाळवी नाही, एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. नावांच्या क्रमानं लावलेले, दोन-दोन नमुन्यांमध्ये पातळ कागद. पाचव्या गठ्ठ्यात वहिनींचा स्वतःचा नमुना होता. जरा जाड लागला म्हणून उलगडला. आत जन्मदाखला, शाळेचा दाखला, प्रमाणपत्र, त्यांच्या आईचा फोटो आणि जुना चष्मा. नमुन्यावर मी मापं लिहिते तिथे त्यांच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं:

"एवढं तुमच्याकडे राहू दे. मी मंगळवारी बाजाराला निघेन, येत्या नाही, त्याच्या पुढच्या. गाडीची वेळ कळवू नका, मला पाठ आहे. पाच वर्षांपासून पाठ आहे."

म्हणजे त्यानंच नेलं, मावशी. खांद्यावर टाकून, हवालदारबाईंच्या डोळ्यांदेखत, बायकोची सुटका स्वतः टेम्पोत भरली. आणि मी तिथे तोंड पाडून उभी, स्वतःच्या हुशारीवर खूष.

मंगळवारी स्टँडवर मी आणि हवालदारबाई गेलो. वहिनी उतरल्या. पिशवीत खरंच भाजी होती, कोणी विचारलं तर दाखवायला. वसतिगृहात आल्यावर पहिली गोष्ट मी विचारली. त्या दिवशी मागच्या दाराची कडी कशी काय उघडी होती?

म्हणाल्या, "शेगडीच्या बाजूलाच आहे ना ती. नुसती कडी काढायला गेले असते तर ह्यांनी बघितलं असतं. म्हणून आधी गॅस बारीक केला."

दीड महिना मी त्या गॅसवरून बोलतेय. काकांना लिहिलं, तुला सांगितलं, वसतिगृहातल्या बायकांना नक्कल करून दाखवली. मावशी, मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्या बाजूनं उभं असलेलं एकमेव माणूस, आणि मी सगळ्यात जास्त हसले ते त्यालाच. वहिनींना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. तुम्ही माझं चांगलं लिहिलं असतंत तर काकांनी तेही वाचून दाखवलं असतं."

दादा इथे येईल, म्हणून त्यांना तुझ्याकडे पाठवतेय. तू घर बदललंस तरी आईच्या माणसांचे नवे पत्ते त्यानं कधी विचारलेच नाहीत, त्या उर्मटपणाचा आज उपयोग झाला. हवालदारबाई इथे फाटकावर लक्ष ठेवून आहेत.

तुझी डावरी


२१ मार्च

ती. काकांस,

नमस्कार. प्लास्टर निघालंय, तरी साष्टांगाचं नंतर बघू.

दादा इथे येणार असेल तर जरूर येऊ दे. फाटकावर बसायला हवालदारबाईंची खुर्ची आहे, त्यांनाही सोबत होईल. वहिनी कुठे आहेत ते मी सांगणार नाही. सांगायचं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. त्यांना बोलता येतं, काका, तुम्ही कधी ऐकलं नाहीत एवढंच.

घरातून काय बाहेर गेलं म्हणून मला विचारता? त्याची यादी तुमच्याच अक्षरात आहे, दोन्ही प्रतींवर तुमची सही आहे. तुमच्या देखरेखीखाली दादानं स्वतः वाहिलं त्याहून अधिक मी काहीही आणलेलं नाही. तेवढं त्याला वाचून दाखवा.

माझं दुकान सोमवारी उघडतंय. कात्री उत्तम चालते.

धाकटी